गेट कोणी बंद केलं

टेबलावर पांढरी चादर. चादरीवर फोटो, एका ओळीत. प्रत्येक फोटोला झेंडूचा हार. ओळीतला शेवटचा फोटो माझ्या भावाचा.

अमरावतीच्या त्या सभागृहात श्रद्धांजली सभा होती. स्टेडियममध्ये चेंगरून मेलेल्या सगळ्यांच्या घरी निरोप गेला होता, फोटो घेऊन या. आमच्याही घरी आला. आमचं घर वगळायचं, हे निरोप आणणाऱ्या कोतवालाला बहुतेक कोणी सांगितलं नव्हतं. माय आणि मी सकाळच्या बसनं निघालो. फोटो मायनं पदरात गुंडाळून मांडीवर धरला होता. वाटेत कोणी तिला धक्का दिला की ती फोटोवर वाकायची.

सभागृहात एका मुलीनं फोटो घेतला, टेबलावर ठेवला, हार घातला. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. माय पहिल्यांदाच थोडी शांत दिसली. बाकीच्यांच्या आयाही रडत होत्या. ती त्यांच्यातली एक झाली होती.

मग स्पर्धा भरवणाऱ्या समितीच्या एका बाईंनी शेवटच्या फोटोकडे पाहिलं. शेजारच्या माणसाच्या कानात काही बोलल्या. तो उठला. पांढरा शर्ट, छातीवर समितीचा बिल्ला. त्यानं फोटोवरचा हार काढला, बाजूच्या फोटोला घातला. फोटो उचलला. तोंड खाली करून, आपल्या अंगाला लागू न देता, भर सभागृहातून चालत आमच्यापर्यंत आणला आणि मायच्या मांडीवर ठेवला.

"याचा फोटो इथं नको. बाकीच्यांच्या भावना आहेत."

एवढंच बोलला. आवाजही चढवला नाही.

मायला कमी ऐकू येतं. तिला वाटलं, काच मळली म्हणून परत दिला. तिनं पदराच्या टोकानं काच पुसली. नीट, कोपऱ्यांपर्यंत पुसली. आणि फोटो पुन्हा त्याच्यापुढे धरला. घ्या म्हणून.

तो माणूस वळून गेला होता. मायचे हात तसेच पुढे.

सगळं सभागृह बघत होतं. मी मायचे हात खाली घेतले आणि तिला बाहेर आणलं. बसस्टँडवर तिनं विचारलं, "फोटो काहून नाई ठेवला त्यायनं?" मी सांगितलं, जागा पुरली नाही.

माझ्या भावाचं नाव नितेश. माझ्याहून लहान. वलगावच्या पुढे आमचं गाव, आणि गावाच्या खालच्या अंगाला आमचा बौद्धांचा मोहल्ला. बाप लवकर गेला. मायनं लोकांच्या वावरात निंदण करून आम्हा दोघांना वाढवलं. मी शिकले. नितेश कबड्डी खेळला.

खेळायचा म्हणजे काय खेळायचा. डावा कोपरा सांभाळायचा. चढाईवाला आला की तो वाकून, हात जमिनीजवळ ठेवून उभा राहायचा आणि समोरच्याचा घोटा धरला की सोडायचा नाही. गावाचं मंडळ पाटलांचं होतं. पाटलांनीच त्याला संघात घेतलं. आजूबाजूच्या सगळ्या स्पर्धांत गाव जिंकायला लागलं. जिंकल्यावर पाटलांच्या अंगणात जेवण असायचं. पंगत बसायची. नितेशला वाढलेलं ताट घेऊन बाहेर ओट्यावर बसायला सांगायचे. कोणी रागानं सांगायचं नाही. हसत सांगायचे. मैदानावर त्यानं कोणाचाही घोटा धरलेला चालायचा. पंगतीत त्याचा पेला चालायचा नाही. एकदा मी त्याला म्हटलं, तू जाऊच नको जेवायला. तो म्हणाला, "ताई, खेळू नाई देनार मंग." 

पोलीस भरती त्यानं दोनदा दिली. दोन्ही वेळा शेवटच्या यादीत नाव नाही. मग अमरावतीत एका सुरक्षा एजन्सीत लागला. निळा शर्ट, काळी पँट, डोक्यावर टोपी. मॉलच्या दारात, इस्पितळाच्या दारात, कुठेही उभं करायचे. मी तेव्हा अकोल्यात, एका संस्थेच्या कॉलेजात तासिकांवर राज्यशास्त्र शिकवत होते. जठारपेठेच्या मागच्या गल्लीत खोली घेऊन राहत होते. दोघं मिळून माय सांभाळायचो.

त्या वर्षी अमरावतीच्या स्टेडियममध्ये कबड्डीची मोठी स्पर्धा भरली. नितेशची नेमणूक तिथं झाली. फार खूश होता. फुकटात फायनल पाहायला मिळणार म्हणाला. मग फोनवर हसत सांगितलं की पाहायला काही मिळत नाही, त्याला पूर्वेच्या गेटवर ठेवलं आहे, मॅट पाठीमागे आणि तोंड लोकांकडे. "पन ताई, नुसत्या आवाजावरून समजते मले. पकड झाली का सुटला, सगयं समजते."

आता त्या गेटचं सांगते. हे नीट समजून घ्या. कारण पुढे लोकांनी सगळ्यावर चर्चा केली, पण यावर केली नाही.

पूर्वेच्या गॅलरीतून खाली यायला एक जिना आहे. जिन्याच्या पायथ्याशी लोखंडी गजांचं गेट. गेटच्या पलीकडे बोगद्यासारखी वाट, ती रस्त्यावर निघते. लोकांना बाहेर पडायची वाट तीच. आणि पाहुण्यांच्या गाड्या आत मॅटपर्यंत यायची आणि बाहेर जायची वाटही तीच. गाड्यांना जायचं असलं की जिन्याचं गेट लावून घ्यायचं, म्हणजे लोक जिन्यातच थांबतात आणि गाड्या मोकळ्या निघतात. स्पर्धेचे सगळे दिवस हेच चाललं होतं.

फायनल दुपारची होती. सामना संपायला थोडा वेळ होता तेव्हा प्रमुख पाहुणे निघाले. त्यांच्यासोबत समितीचे लोक. गाड्या बोगद्यात लागल्या. समितीकडून हुकूम आला, गेट लावा. एजन्सीच्या सुपरवायझरनं बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन तो गाड्यांना हात दाखवायला पुढे गेला. नितेशला आतल्या बाजूला उभं केलं होतं, जिन्यात, लोकांना मागे रेटायला. पाहुणे गाडीत बसता बसता पुन्हा उतरले. कोणाला तरी त्यांच्यासोबत फोटो काढायचा होता. मग आणखी कोणाला. गाड्या जागच्या जागी उभ्या.

तेवढ्यात सामना संपला.

वरचे लोक खाली यायला लागले. खाली गेट बंद आहे हे वरच्यांना दिसत नव्हतं. खालचे ओरडत होते, पण वर ढोल वाजत होता. जिना भरला. मग नुसता भरला नाही, चेपला.

मी मोबाइलवर बातमी पाहिली. नितेशला फोन लावला. वाजत राहिला. मी मूर्तिजापूर, बडनेरा करत दिवेलागणीला अमरावतीच्या सरकारी इस्पितळात पोचले. व्हरांड्यात माणसं ठेवली होती. त्याच्या तोंडाकडे मी पाहिलं, ओळखलं नाही. पायाकडे पाहिलं. घोट्याला खेळताना घालायचा तो पट्टा होता. ड्युटीवरही घालायचा. 

त्या संध्याकाळी व्हरांड्यात सगळे बोलत होते. जखमी, त्यांचे नातेवाईक, चहावाला, वॉर्डबॉय. सगळे एकच सांगत होते. गाड्या अडकल्या होत्या. गाड्यांसाठी गेट लावलं होतं, त्यातली तिसरी समितीच्या अध्यक्षांची. नितेशसोबत ड्युटीवर असलेला रफीक नावाचा मुलगा भिंतीला टेकून रडत होता. तो बाहेरच्या बाजूला होता म्हणून वाचला. त्यानं सांगितलं, नितेश गजांना पाठ लावून उभा राहिला आणि हाताला लागेल त्या पोराला उचलून गेटच्या वरून बाहेर टाकत राहिला. गेट आणि छताच्या मध्ये थोडी जागा होती. मग त्याचे हात वर यायचे थांबले.

सगळ्यांना माहीत होतं. लपलेलं काहीच नव्हतं. 

दोन दिवसांत सगळे विसरले.

पहिल्या दिवशी टीव्हीवर समितीचं नाव होतं. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी हात जोडून सांगितलं, या दुःखाचं राजकारण करू नका. तिसऱ्या दिवसापासून नवीनच गोष्ट सुरू झाली. गेट बंद होतं. गेटवर कोण होतं? एक रक्षक होता. तो काय करत होता? पोलिसांनी गुन्हा लिहिला. सुपरवायझर आणि मयत सुरक्षा रक्षक. रफीक गाव सोडून नातेवाइकांकडे निघून गेला. मी फोन केला तर म्हणाला, ताई, माझ्या नावावरून लोक आणखी दुसरीच गोष्ट तयार करतील. त्याचंही खोटं नव्हतं.

टीव्हीवर रोज चर्चा. वकील, निवृत्त अधिकारी, खेळातले जाणकार. कोणी म्हणे, आपल्या लोकांना शिस्त नाही. कोणी म्हणे, फुकट पास वाटले की अशी माणसं येतात. एकानं सरळ सांगितलं, वस्त्यावस्त्यांतून झुंडी आल्या होत्या. झुंड म्हणजे कोण? चेंगरून मेलेली कॉलेजातली पोरगी झुंड? नातवाला खांद्यावर घेऊन आलेला आजोबा झुंड? गाड्यांचं कोणी नाव काढेना. एकदा एका पोरीनं कार्यक्रमात फोन करून विचारलं, त्या वेळी बोगद्यात गाड्या का होत्या. निवेदक म्हणाला, आपण मूळ मुद्द्याकडे येऊ.

आमच्या स्टाफरूममध्येही तेच. मी बसलेली असताना. इतिहासाचे सर म्हणाले, आजकाल युनिफॉर्म कोणालाही देतात. दुसरे म्हणाले, हक्क मागायची सवय झाली आहे, जबाबदारी घ्यायची नाही. आणि माझ्याकडे बघून गप्प झाले. मला तेव्हा सांगायचं होतं, सर, एजन्सीत आरक्षण नसतं. दिवसभर पायावर उभं राहायला कोणी राखीव जागा मागत नाही. पण मी वही घेतली आणि तासाला गेले. त्या दिवशी वर्गात मूलभूत अधिकार शिकवायचे होते. शिकवले.

गावात याहून वाईट. आमच्या गावातली पाटलांची थोरली मुलगी त्या जिन्यात चेंगरून गेली होती. वलगावच्या बाजारात, मी सोबत असताना, एका बाईनं मायकडे बोट दाखवलं आणि दुसरीला म्हणाली, हीच ती, गेटवाल्याची माय. भाजीवाल्यानं मायच्या पिशवीत टाकलेली वांगी परत काढून घेतली. माय त्यानंतर बाजारात गेली नाही.

श्रद्धांजली सभेनंतर काही दिवसांनी पाटील आमच्या घरी आले. स्वतः. दिवसाउजेडी, पण मोहल्ल्यातली माणसं कामावर गेलेली वेळ पाहून. आमच्या दारात ते आयुष्यात पहिल्यांदा आले होते. मी कॉलेजातून रजा घेऊन मायजवळ राहिले होते. मायनं खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं. त्यांनी पेला हातात घेतला आणि तसाच धरून बसले.

मग खाली बघत म्हणाले, "नितेशनं माह्या धाकटीले उचललं. वरून बाहेर टाकलं. माही बायको तिथंच जिन्यात होती, तिनं पाह्यलं. मोठी मागं होती. तिच्यापर्यंत हात नाई पुरला त्याचा."

पाटील स्वतः जिन्यात नव्हते. ते खाली, पासवाल्यांच्या खुर्च्यांवर होते.

मायला मी कानात मोठ्यानं सांगितलं. ती भिंतीला टेकली. तिनं तोंडात पदर घेतला. मग तिनं विचारलं, "मंग हे तुमी तिथं काहून नाई सांगत, पाटील?"

पाटील म्हणाले, भाऊसाहेबांच्या शब्दाबाहेर आपल्याला जाता येत नाही. भाऊसाहेब म्हणजे त्या स्पर्धेच्या समितीचे अध्यक्ष. पाटलांचा मुलगा त्यांच्याच संस्थेत नोकरीला. माझं कॉलेजही त्याच संस्थेचं. त्यांनी विनवलं, हे बोलणं आपल्यातच ठेवा. फक्त मनावर फार ओझं होतं म्हणून आलो.

मी ऐकत होते. त्या माणसाबद्दल मला वाईटही वाटत होतं. त्याची पोर गेली होती. पण त्याच्या हातातला पेला मला दिसत होता. पाणी काठोकाठ. ओठ लागला नव्हता.

मी म्हटलं, "पाटील, ते ओझं घेऊन जा परत. आमच्या घरी ठेवू नोका."

ते उठले. पेला खुर्चीवर ठेवला. निघून गेले. माय मला रागावली. म्हणाली, घरी आलेल्या माणसाशी असं बोलत नाहीत. मी पेल्यातलं पाणी बाहेर ओतलं.

अकोल्याला परत गेले त्याच आठवड्यात प्राचार्यांनी बोलावलं. भाऊसाहेबांनी भेटायला सांगितलं आहे. त्यांच्याच गाडीत बसवून मला जठारपेठेतल्या बंगल्यावर नेलं. 

मोठा दिवाणखाना. दोन्ही बाजूंना सोफे, सगळे रिकामे. नोकरानं आतून माझ्यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची आणली आणि मधोमध ठेवली. प्राचार्य सोफ्यावर बसले. मी खुर्चीवर बसले.

भाऊसाहेब अतिशय गोड बोलले. भावाचं वाईट झालं म्हणाले. मायची चौकशी केली. मी नेट झालेली आहे, शिकवते चांगलं, हे त्यांना माहीत होतं. एक पूर्णवेळ जागा मंजूर होते आहे, त्यांच्या मनात माझंच नाव आहे. चहा आला. मग ते मुद्द्यावर आले. चौकशी समितीपुढे घरच्यांनाही बोलावणार आहेत. मी तिथं फक्त एवढंच सांगावं की भावाच्या सलग ड्युट्या चालू होत्या, झोप नव्हती, त्याच्या डोक्यावर ताण होता. चुकला बिचारा. त्यात त्याची बदनामी काहीच नाही. 

"गेलेल्या माणसाला आता शिक्षा होत नाही," ते म्हणाले. "जिवंतांनी आपलं पाहावं. तुमच्या लोकांसाठी मी आजवर काय केलं नाही ते सांगा."

तुमच्या लोकांसाठी.

मी कॉलेजात आल्यापासून स्वच्छ बोलत होते. पहिल्या वर्षी स्टाफरूममध्ये तोंडातून 'मले' निघालं तेव्हा सगळे हसले होते. तेव्हापासून मी जीभ आवळून धरली होती. मला, तुला, त्याला. बाहेर तसं, घरी फोनवर वेगळं. त्या खुर्चीवर बसल्यावर मला कळलं की मी नुसती जीभच आवळून धरली नव्हती. सभागृहात गप्प. स्टाफरूममध्ये गप्प. बाजारात मायकडे बोट दाखवलं, तिथंही मी तिचा दंड धरून पुढे निघाले. शिकलेली माणसं वाद घालत नाहीत, असं मी स्वतःला सांगत आले होते. आणि समोर हा माणूस बसला होता ज्याला खात्री होती की ही आताही गप्प राहणार. त्यानं माझ्यासाठी वाक्यंसुद्धा तयार करून ठेवली होती.

मी कप खाली ठेवला.

"भाऊसाहेब, गाड्या कोनाच्या होत्या, हे तुमाले बी माहीत हाय न मले बी. तुमची गाडी तिसरी होती. माहा भाऊ झोपला नवता. तो उभा होता. उभ्या उभ्या मेला."

प्राचार्यांनी खोकून पाहिलं. भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावरचा गोडवा गेला नाही, फक्त डोळे बदलले. ते म्हणाले, विचार करा, तुम्ही शिकलेल्या आहात. मी म्हटलं, "म्हनूनच." आणि उठले. गाडीची वाट पाहिली नाही. चालत खोलीवर आले. भीती वाटत होती, ते खोटं कशाला सांगू. पण तोंडात माझी स्वतःची भाषा होती आणि ती मला परत आवळायची नव्हती.

चौकशी कलेक्टर ऑफिसच्या एका हॉलमध्ये झाली. अध्यक्ष एक निवृत्त अधिकारी. स्पर्धेच्या समितीचे वकील, पत्रकार, आणि मेलेल्यांच्या घरचे. आम्हाला मागे बसवलं. माझं नाव पुकारलं तेव्हा पुढच्या खुर्च्यांवरून कोणीतरी म्हणालं, आता ही काय सांगणार.

मी सांगितलं. गेट कसं आहे, वाट कशी आहे, गाड्या कोणाच्या होत्या, हुकूम कोणी दिला, कुलूप कोणी लावलं, किल्ली कोणाकडे होती. अधिकाऱ्यांनी विचारलं, तुम्ही प्रत्यक्ष हजर होतात का? मी नाही म्हटलं. मग हे सगळं ऐकीव आहे, ते म्हणाले, आणि टंकलेखकाकडे पाहिलं. समितीचे वकील हसले.

मी मागे वळले. त्या हॉलमध्ये जिन्यातून वाचलेली माणसं बसली होती. इस्पितळाच्या व्हरांड्यात ज्यांनी मला हे सांगितलं, तीच माणसं.

"ज्यायनं पाह्यलं ते इथंच बसले हायेत," मी म्हटलं. "त्यायले इचारा."

पाटील समोरच्या भिंतीकडे बघत होते. एक माणूस चप्पल शोधायला लागला. अधिकारी म्हणाले, ठीक आहे, बसा. मी बसले नाही. तशीच उभी राहिले. ते पुन्हा म्हणाले, बसा. 

मग पाटलांच्या शेजारून त्यांची बायको उठली. डोक्यावरून पदर, चेहरा अर्धा झाकलेला. ही बाई आमच्या गावात कधी चारचौघांत बोलली नव्हती. पाटलांनी तिच्या पदराला हात घातला. तिनं तो सोडवून घेतला.

"गाड्या होत्या," ती म्हणाली. "म्या पाह्यल्या. गजाला तोंड लागलं होतं माहं. समोर भाऊसाहेब उभे होते, फोटो काढून राह्यले होते. आमी ओरडत होतो त त्यायनं मान वळवून पाह्यलं. पाह्यलं अन् पुन्हा फोटो काढले."

हॉलमध्ये एकदम गलका झाला. वकील उभे राहिले. अधिकारी शांत राहा, शांत राहा म्हणत राहिले. ती तेवढंच बोलली आणि खाली बसली. गलक्यात आणखी दोन बाया उठल्या, त्याही काही बोलल्या, कोणी ऐकलं, कोणी नाही. टंकलेखकानं काय लिहिलं मला माहीत नाही.

बाहेर जिन्यात ती मला भेटली. मी तिच्याजवळ गेले. तिनं मला थांबवलं.

"मी तुह्या भावासाठी नाई बोलली," ती म्हणाली. "माह्या पोरीसाठी बोलली."

आणि पुढे गेली. मला ते पटलं. तिनं माझ्यावर उपकार केले नव्हते. मलाही तिच्या पाया पडायचं नव्हतं. 

तुम्हाला वाटेल यानंतर काही बदललं. अहवाल आला. गर्दीचं नियोजन अपुरं होतं. प्रेक्षकांनी संयम राखला नाही. गेटवरील रक्षक आणि सुपरवायझर यांच्याकडून हयगय झाली. पुढे अशा घटना टाळण्यासाठी सूचना. गाड्यांचा उल्लेख एका ओळीत, 'काही वाहनांची ये-जा सुरू असल्याचे काहींचे म्हणणे आहे.' पाटलीणबाईचं सगळं बोलणं त्या 'काहींचे'मध्ये बसवलं होतं.

नवीन सत्र सुरू झालं तेव्हा प्राचार्यांनी सांगितलं, या वर्षी तुमच्या तासिका नाहीत. कारण त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. जठारपेठेतली खोली सोडली. पाटलांच्या मुलाची नोकरीही दूरच्या शाखेवर गेली. पाटलीणबाई माहेरी राहतात असं ऐकते. भाऊसाहेबांनी पत्रकार परिषद घेऊन स्पर्धा पुन्हा भरवण्याचं जाहीर केलं, दिवंगतांच्या स्मरणार्थ. टाळ्या पडल्या. मी आता अमरावतीत एका खोलीत मायला घेऊन राहते. स्पर्धा परीक्षांच्या पोरांना राज्यघटना शिकवते. 'मले' म्हणूनच शिकवते. पोरं हसत नाहीत.

आणि मी कोर्टात खासगी फिर्याद दाखल केली आहे. समितीच्या अध्यक्षाचं नाव घालून. ओळखीच्या एका वकीलबाईंनी केस घेतली. त्यांनी आधीच सांगितलं, वर्षं जातील, आणि निकाल आपल्या बाजूनं लागेलच असं नाही. मायनं विचारलं, जिंकू का आपण? मी सांगितलं, माहीत नाही. या वेळी मी तिला जागा पुरली नाही असलं काही सांगितलं नाही. ती म्हणाली, "मंग मी बी येतो कोर्टात."

पहिल्या तारखेला आम्ही दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. पलीकडे समोरच्या पक्षाचे लोक, फायली, पाण्याच्या बाटल्या. त्यांच्यातल्या एकानं येऊन हळूच सांगितलं, अजून वेळ गेलेली नाही, भाऊसाहेब मनानं मोठे आहेत. मी त्याच्याकडे पाहत राहिले, तो निघून गेला.

दुपारी कोर्टाच्या दारात पुकारणारा आला. त्यानं कागदावर पाहिलं, मग तिथल्या कारकुनाला काही विचारलं. कारकून हसला. पुकारणारा मोठ्यानं म्हणाला, "स्टेडियमची केस. त्या गेटवाल्याच्या घरचे कोण हाय, या पुढं."

व्हरांड्यातली सगळी माणसं आमच्याकडे बघायला लागली. मायला ऐकू आलं नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिचा हात धरून दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यावर थांबले.

"आमी फिर्यादी हाओत," मी म्हटलं. "ज्यानं गेट लावाले सांगतलं तो आरोपी हाय. कागदावर तसंच लिवलं हाय. तसं पुकारा."

तो म्हणाला, चला बाई आत, साहेब वाट पाहत आहेत.

मी हलले नाही. दार अडवून उभी राहिले. आतले, बाहेरचे, सगळे बघत होते. पुढच्या तारखेलाही तो चुकीचं पुकारेल, मला माहीत आहे. त्याही तारखेला मी अशीच दारात उभी राहीन. वाचून पुकारा, मी त्याला सांगितलं. मोठ्यानं पुकारा. माह्या मायले ऐकू गेलं पाह्यजे.